बैठकीतला टीपॉय

आमच्या बैठकीत वीस वर्षांत तीन टीपॉय आले. पहिला फुटला, दुसरा फुगला आणि तिसरा अजून आहे. टीपॉयसारख्या लहान वस्तूवर लेख कशाला, असे आमच्या शाळेतल्या एका बाजींनी विचारले. पण गेल्या रमजाननंतर पुतणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि सगळ्या घराची चर्चा पंधरा दिवस फर्निचरभोवतीच फिरत राहिली. तेव्हा जे सुचले, जे चुकले आणि जे मिस्त्रींकडून शिकायला मिळाले ते इथे सांगत आहोत. मुखेडसारख्या गावात ज्यांचा हॉल दहा बाय बाराचा आहे, आणि त्याच हॉलमध्ये मेहमान बसतात, मुले अभ्यास करतात, दस्तरखान अंथरला जातो आणि नमाजही होते, अशा घरांना याचा उपयोग व्हावा.

आधी शब्दाचे पाहू. बाजारात आता याला ‘सेंटर टेबल’ किंवा ‘कॉफी टेबल’ म्हणतात. आपल्याकडे कॉफी पिते कोण? आम्ही आपले टीपॉयच म्हणतो, आणि हा शब्द इंग्रजांचा असावा असे आम्हाला बरीच वर्षे वाटत होते. चहा म्हणजे टी, म्हणून टीपॉय. प्रत्यक्षात उलटे आहे. हिंदुस्थानी ‘तीन’ आणि फारसी ‘पाए’ मिळून ‘तिपाई’ झाली, म्हणजे तीन पायांची चौकी. ती इंग्रजीत गेली, आणि तिकडच्या लोकांनी तिचा संबंध चहाशी जोडला. इतका, की लंडनच्या दुकानांत चहाची पत्ती ठेवायच्या पायाच्या पेटीला ‘टीपॉय’ म्हणू लागले. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हा गैरसमज नोंदवला आहे. चार पायांची ती चारपाई, तीन पायांची ती तिपाई. आता तिपाईलाही चार पाय असतात आणि कुणाची तक्रार नसते.

आमच्या आजोळी टीपॉय नव्हता. तख्त होते, त्यावर पांढरी चादर, गावतकिया, आणि कोपऱ्यात नानीचे पानदान. चहा सीनीतून यायचा, पिऊन झाला की सीनी आत जायची. बैठकीच्या मधोमध काही ठेवायचे ही कल्पनाच नव्हती. मधली जागा माणसांची होती. सोफा आला, माणसे जमिनीवरून वर चढली, आणि कप ठेवायला काहीतरी हवे म्हणून टीपॉय आला.

आमच्याकडे तो २००४ साली आला, लग्नात. आला म्हणजे आमच्या अब्बांनी दिला. सोफासेट, दिवाण, कपाट, ड्रेसिंग टेबल आणि काचेचा टीपॉय. त्या वेळी आम्ही खूश होतो, हे कबूल केले पाहिजे. काचेखाली सोनेरी मुलामा दिलेले पाय होते. मोहल्ल्यातल्या बाया बघायला आल्या. त्या सामानाचे हप्ते अब्बा पुढची अडीच वर्षे भरत होते, हे आम्हाला सात वर्षांनी, त्यांच्या कपाटात एक छोटी वही सापडली तेव्हा कळले. महिन्याचा आकडा आणि पुढे दुकानदाराची सही, असे प्रत्येक पान. तोवर टीपॉय भंगारातही जाऊन बसला होता.

तो फुटला २००९ च्या ईदला. शीरखुर्म्याचे पातेले चुलीवरून उतरवले आणि घाईघाईत तसेच काचेवर ठेवले. मिनिटभराने बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. पातेले खाली, दूध सगळ्या फरशीवर, आणि काचेचे हातभर लांब तुकडे. धाकटा तीन वर्षांचा होता, अनवाणी धावत आला. तळपायाला चार टाके पडले. ईदच्या दुपारी आम्ही दवाखान्यात बसलो होतो.

हे का झाले? साधी काच एका ठिकाणी एकदम तापली की ती जागा पसरते, बाजूची थंड काच पसरत नाही, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात. टफन्ड काच वेगळी असते. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट दणकट होते, आणि फुटलीच तर तिचे साखरेच्या खड्यांसारखे बारीक दाणे होतात. टीपॉयला काच हवीच असेल तर एवढे पाहा: कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘टफन्ड’ किंवा ‘टेम्पर्ड’ असा शिक्का आहे का, जाडी आठ मिलिमीटरपेक्षा कमी तर नाही ना, आणि कडा घासून गोल केल्या आहेत का. दुकानदार म्हणाला, “मॅडम, थोडी मोठी आहे, कापून देतो,” तर समजा ती टफन्ड नाही. टफन्ड काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर आमचा सल्ला विचाराल, तर पाच-सात वर्षे काच आणूच नका.

दुसरा टीपॉय आम्ही स्वतः आणला, नांदेडहून. गडद तपकिरी, वर चकचकीत थर, खाली मासिके ठेवायला फळी. सागवानासारखा दिसे आणि किमतीत सागवानाच्या चौथाईत मिळाला. तो भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचा आहे हे आम्हाला माहीत होते, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. भुसा आणि सरस दाबून केलेली पाटी पाणी प्यायली की फुगते, आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. आमच्याकडे रोज फरशी पुसली जाते. पाण्याचा ओला हात पायांच्या बुडाला रोज लागत होता. दुसऱ्याच पावसाळ्यात चारही पाय बुडाशी फुलून आले, जसा चहात बुडवलेला टोस्ट. मग स्क्रू ढिले झाले. अशा पाटीत स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात तो पुन्हा घट्ट धरत नाही.

पण खरे कारण आणखी एक होते, आणि ते कोणत्याही फर्निचरच्या दुकानात कुणी सांगत नाही. आमच्या घरातला टीपॉय एका जागी राहतच नाही. फजरला सरकतो, कारण पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून दोन जानमाज शेजारी शेजारी अंथरायच्या असतात. मगरिबला पुन्हा सरकतो. जेवताना दस्तरखानासाठी कोपऱ्यात जातो. रमजानमध्ये तर इफ्तारच्या आधी त्याला थेट पडवीत नेऊन ठेवतात आणि त्यावर शरबतचा जग बसतो. घरात कुरआनखानी असली की तो शेजारच्यांकडे जातो. हे सगळे ओढत, ढकलत. दिवसातून चार-पाच वेळा ओढला जाणारा टीपॉय तीन वर्षे टिकला हेच खूप झाले.

तेव्हा आपल्या घरांसाठी टीपॉय निवडताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा लाकडाचा नाही. हा रोज कोण उचलणार, हा आहे. संगमरवरी टॉपचा टीपॉय दिसतो शाही, पण तो दोघांनाही हलत नाही, आणि त्यावर लिंबाचा थेंब पडला तर पांढरट डाग कायमचा राहतो. एका मोठ्या माणसाला उचलता येईल एवढेच वजन असावे. टॉप उचलला की हातात पायांशिवाय येऊ नये, हेही दुकानात उचलून पाहावे. लाजू नये. दोन जानमाज शेजारी मांडायला साधारण साडेचार फूट रुंदी आणि चार फूट लांबी लागते, तेवढी जागा मोकळी करून टीपॉय कुठे जाईल ते आधी ठरवावे. ज्यांच्याकडे ती जागाच नाही त्यांच्यासाठी एकात एक बसणाऱ्या तीन लहान टीपॉयांचा संच उत्तम. मेहमान आले की तिन्ही बाहेर, एरवी एकाच्या जागेत तिन्ही.

आता मापे. उंची सोफ्याच्या गादीइतकी किंवा तिच्यापेक्षा इंच-दोन इंच कमी असावी. बहुतेक सोफ्यांची बसायची उंची सोळा ते अठरा इंच असते. टीपॉय त्याहून उंच झाला की कप ठेवायला हात वर करावा लागतो. फारच खाली गेला की म्हातारी माणसे वाकून वाकून हैराण होतात. लांबी सोफ्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास शोभते. सहा फुटांच्या सोफ्याला चार फूट. पण दहा बाय बाराच्या खोलीत चार फूट जास्त होतात, तीन फूट पुरे. सोफा आणि टीपॉय यांत सव्वा ते दीड फूट अंतर ठेवा. एवढ्यात गुडघे मावतात, कपापर्यंत हात पोचतो आणि चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या मुलीला आडवे चालावे लागत नाही.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा सोपी युक्ती आहे, ती आम्ही वर्गात क्षेत्रफळ शिकवताना वापरतो. जुने वर्तमानपत्र टीपॉयच्या मापाने कापा, चिकटवा आणि हॉलमध्ये जमिनीवर अंथरून दोन दिवस ठेवा. घरातली माणसे त्यावर पाय देत जात असतील, तर माप मोठे आहे. कागद कुठे फाटला तेही बघा, तिथला कोपरा नडगीला लागणार आहे. आमचा कागद स्वयंपाकघराकडच्या कोपऱ्यावर फाटला होता, म्हणून आम्ही कोपरे गोल करून घेतले.

हा तिसरा टीपॉय. त्याची गोष्ट थोडी लांब आहे.

आमच्या सासरचे गावातले घर माळवदी होते. जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचे छत. मराठवाड्यात अशी घरे आता झपाट्याने जात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर माळवदाखाली झोपायचेच लोकांना भय वाटू लागले. आमचे माळवद २०१९ साली उतरवले. लाकूड घ्यायला व्यापारी आला, त्याने खांब, तुळया, दार सगळ्याचा मिळून एक भाव सांगितला. आमच्या मालकांनी तुळया दिल्या, पण दार अडवले. दोन कवाडांचे, सहा फूट उंच, प्रत्येक कवाड वीस इंच रुंद, सव्वा इंच जाड. त्याची लोखंडी कडी वाजली की आतून दादी विचारायची, “कौन हय रे?” दादी जाऊन दहा वर्षे झाली होती.

गावातल्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी नखाने खरवडले, वास घेतला आणि म्हणाले, “सर, असा साग आता मिळत नाही. पन्नास वर्षं वाळलेलाय. हा आता वाकत नाही अन् तडकत नाही.” त्यांनी सांगितले ते असे. नवे लाकूड ओले असते. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या पार जातो, त्यात ते आकसते, पावसाळ्यात पुन्हा फुगते, आणि या खेचाखेचीत सांधे उघडतात. जुन्या लाकडाचे हे सगळे होऊन गेलेले असते. सागात मुळातच तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आपल्या जिल्ह्यात किनवट-माहूरच्या जंगलात साग आहे, पण नवे सागवान विकत घ्यायचे म्हणजे खिसा जड हवा. घरातली मोडकी खाट, चौकट, कवाड असे काही असेल तर ते भंगारात घालण्यापूर्वी एकदा मिस्त्रींना दाखवा, ही आमची विनंती. फक्त त्यांना आधी सगळे खिळे काढू द्या. आमच्या दारात एक खिळा आतच राहिला होता, रंध्याच्या पात्याचा दात गेला, आणि त्याचे पैसे आम्हीच दिले.

एका कवाडातून छत्तीस बाय वीस इंचांचा टॉप आणि खालच्या पट्ट्या निघाल्या, चौकटीच्या एका उभ्या खांबातून चार पाय. उंची पंधरा इंच, वजन तेरा-चौदा किलो. पायांखाली नमद्याच्या चकत्या, म्हणजे ओढला तरी फरशीवर ओरखडा नाही आणि ओला फडका थेट लाकडाला लागत नाही. मजुरी आणि पॉलिश मिळून साडेतीन हजार. पॉलिशचे विचारले तर मिस्त्री म्हणाले, चपडीचे पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम कप ठेवला की पांढरे कडे उठणार. चहाचे घर असेल तर मेलामाइन लावा. आम्ही मेलामाइन लावले. कडी काढू दिली नाही. ती एका बाजूला तशीच लटकते.

ज्यांच्याकडे जुने दार नाही आणि नवे सागवान परवडत नाही, त्यांच्यासाठी आपल्या कारागिरांनी फार पूर्वी एक तोड काढून ठेवली आहे. उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचे घडीचे पाय आणि मुरादाबादचे पितळी तबक. सहारनपूरला शिसमावर जाळीकाम आणि नक्षी करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यांत बहुतेक आपलेच बांधव. तिथली कुरआन शरीफची रेहलही घराघरांत असते, एकाच फळीतून कापलेली, बिजागरीशिवाय उघडणारी. घडीच्या पायांवर दोन फुटांचे तबक ठेवले की टीपॉय झाला. नमाजच्या वेळी पाय मिटून दाराआड, तबक भिंतीला टेकून उभे. मोरोक्कोपासून तुर्कस्तानपर्यंत चहा-कॉफी अशाच तबकांवर दिली जाते, म्हणजे ‘कॉफी टेबल’ म्हणायला खरा हक्क याचाच.

आता सजावट. आम्ही सर्वेक्षणाच्या कामाने शेकडो घरांत गेलो आहोत. शाळाबाह्य मुलांची यादी करताना मास्तर-बाईंना प्रत्येक दाराशी जावे लागते, आणि लोक आत बोलावून बसवतात. तेव्हा टीपॉय पाहायची सवयच लागली. बहुतेक ठिकाणी त्यावर प्लास्टिकची फुले, त्या फुलांवर धूळ, खाली क्रोशाचे कव्हर, कव्हरवर प्लास्टिकचा कागद, आणि चहा आला की हे सगळे उचलून ठेवायला धावपळ. मग चहा ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. आमचा नेम साधा आहे: टीपॉयचा दोनतृतीयांश भाग नेहमी रिकामा. उरलेल्या भागात एक छोटा ट्रे, त्या ट्रेमध्ये जे काही ठेवायचे ते. जागा हवी असली की एका हाताने ट्रे उचलला, काम झाले. फुलदाणी फूटभरापेक्षा उंच नको, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. आमच्या ट्रेमध्ये अब्बांचा चष्म्याचा डबा, खजुराची वाटी आणि एक बिदरी डबी असते. क्रोशाचे मोठे कव्हर आम्ही काढले आणि अम्मीकडून त्याच विणीची कपाखाली ठेवायची सहा गोल आसने करून घेतली. अम्मी आधी रुसल्या, मग त्यांनी बारा केली.

बिदरी डबीचे सांगितले पाहिजे, कारण बिदर आपल्याला परके नाही, उदगीरच्या पलीकडेच तर आहे. ही वस्तू जस्त आणि थोड्या तांब्याच्या मिश्रणाची ओततात, तिच्यावर कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी नवसागर व बिदरच्या किल्ल्यातली माती यांच्या उकळत्या पाण्यात ती बुडवतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच चमकत राहते. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही वर्गात मुलांना ती डबीच नेऊन दाखवली होती. हिला चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर कधी लावू नका, काळा रंग जाईल. मऊ कापडाला थेंबभर तेल लावून पुसा, पुरे. मोठी वस्तू महाग पडते, पण एक लहान डबी टीपॉयवर ठेवली तर बाकी काही ठेवायची गरज राहत नाही. औरंगाबादच्या हिमरूची एक अरुंद पट्टीही छान दिसते, मात्र चहा होईपर्यंतच. डाग पडला की हिमरू धुणे सोपे नाही.

एक गोष्ट मात्र टीपॉयवर आम्ही ठेवत नाही. कुरआन शरीफ किंवा सिपारा. जिथे कप येतात, मुले पाय लावतात, तिथे ते नको, त्याची जागा उंचावर.

आणि एक गोष्ट मुद्दाम होऊ देतो. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा आमची दोन्ही मुले आणि शेजारची एक मुलगी याच टीपॉयभोवती मांडी घालून अभ्यास करत. जमिनीवर बसलेल्या मुलाला पंधरा इंच थोडे उंच पडतात, खाली उशी घेतली की बरोबर होतात. त्यावर कंपासच्या टोकाने कोरलेला एक ‘अलिफ’ आहे. कुणी कोरला हे अजून कबूल झालेले नाही. ज्या घरात टीपॉयवर वही ठेवू देत नाहीत, त्या घरातले मूल खाटेवर पोटावर पडून लिहिते, आणि त्याचे अक्षर आम्हाला वर्गात ओळखू येते.

तर पुतणी. आमच्या धाकट्या दिरांचे वेल्डिंगचे दुकान आहे, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलाकडचे भले लोक. त्यांनी निरोप पाठवला, “आम्हाला काही नको. फक्त मुलीला लागेल ते फर्निचर द्या, तिच्याच उपयोगाचे आहे.” दिरांनी दुकानातून भाव काढून आणला: सोफा, दिवाण, कपाट, ड्रेसिंग, टीपॉय. आकडा पाहून ते गप्प झाले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण त्या खोलीत कायदा काढायची कुणाची हिंमत नव्हती. दीर म्हणाले, “भाभी, हप्त्याने घेईन. दोन वर्षांत फिटेल.”

आम्ही आत गेलो आणि अब्बांची वही आणून टीपॉयवर ठेवली. ती आजवर कुणाला दाखवली नव्हती. दिरांनी पाने उलटली. पुतणीने ती त्यांच्या हातून घेतली आणि शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाली, “बडीअम्मी, दुसरं कवाड कुठं आहे?”

ते आमच्या अंगणात, पत्र्याखाली उभे होते.

पुढचे सोपे गेले असे नाही. पुतणीने मुलाशी स्वतः फोनवर बोलायचे ठरवले, तेव्हा घरातल्या थोरल्या फुफींनी दोन दिवस अबोला धरला. मुलाच्या आईंनी विचारले, “जुन्या दाराचा? लोक काय म्हणतील?” सोफासेट शेवटी आलाच नाही. दिवाण आणि कपाट मुलानेच आधी घेतलेले होते, ते त्याने तेव्हा सांगितले. फर्निचरसाठी ठेवलेल्या रकमेतून शेवटच्या वर्षाची फी भरली. मुलाची आई लग्नानंतर आमच्याकडे आल्या तेव्हा टीपॉयकडे बराच वेळ पाहत होत्या, पण काही बोलल्या नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

मुलाने आपल्या खोलीची मापे कागदावर लिहून पाठवली होती, नऊ बाय अकरा, दार कुठे, खिडकी कुठे, किब्ला कुठे, सगळे. तिथे सोफा नाही, गादी आणि लोड आहेत. म्हणून मिस्त्रींनी उंची अकरा इंचच धरली आणि पाय बिजागरीचे केले, आत मिटणारे. चौकटीचा दुसरा खांब त्यात संपला. कडी याही कवाडाला होती. पुतणीने ती ठेवायला लावली.